हरळी, गोल्फ आणि बाजरी

ज्यांना कानात ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ह्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे बोललो तेच ठेवलंय, थोडी काटछाट केली आहे.

विषय गोल्फचा आहे. कळमनुरीत बसून गोल्फ? आपल्या अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात गोल्फचं मैदान नाही, आणि ह्या भागाच्या ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गोल्फ पाहिला असेल तो मोबाईलवरच. तरी सुद्धा ह्या खेळाच्या इतिहासात एक वस्तू अशी आहे जी तुमच्या माझ्या बांधावर फुकट उगवते आणि जी उपटता उपटता आपल्या आज्यांच्या कंबरा गेल्या. हरळी.

मे महिन्यात कळमनुरीच्या कुठल्याही शिवारात जाऊन बघा. खोल नांगरट झालेली असते, काळी ढेकळं उन्हात तापत पडलेली असतात आणि मागून बाया-माणसं काशा वेचत असतात. काशा म्हणजे हरळीचे जमिनीतले पांढरे, गाठीगाठीचे दोर. एक तुकडा राहिला, त्यावर एक पेर शिल्लक असलं, की मृगाच्या पावसावर पुन्हा हिरवं. वर जमिनीवर पळणारी वेल वेगळी, तिच्याही प्रत्येक पेरातून मुळं फुटतात. म्हणजे वरून पळते, खालून पळते, आणि बी पण टाकते. सोयाबीन, कापूस, हळद, कशातही हिला शिरकाव. कुंदा, लव्हाळा आणि हरळी ही तीन नावं एका दमात घेतली की शेतकऱ्याचं तोंड कडू होतं.

आता हेच गवत गणपतीच्या दहा दिवसांत दूर्वा म्हणून जुड्या बांधून बाजारात येतं. ऋग्वेदात दूर्वेचा उल्लेख आहे, इतकी जुनी तिची ओळख. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. हिंदीत दूब. आणि अमेरिकेत हिला म्हणतात बर्म्युडा ग्रास. बर्म्युडा बेटांचा आणि हिच्या जन्माचा तसा काही संबंध नाही. मूळ घर आफ्रिका मानतात, पण आपल्याकडे ती इतक्या काळापासून आहे की परकी म्हणायची सोय नाही. तर जगातल्या उष्ण प्रदेशातले बहुतेक गोल्फ कोर्स ह्या हरळीवर किंवा तिच्या लेकरांवर उभे आहेत. हे कसं झालं, ते सांगतो.

गोल्फचा जन्म स्कॉटलंडचा. समुद्रकाठची वाळूची जमीन, वर बारीक गवत, ते चरून आखूड ठेवणाऱ्या मेंढ्या. पाणी वाळूत झिरपून जातं, ऊन कोवळं, पाऊस रिमझिम आणि बाराही महिने. तिथलं गवत म्हणजे फेस्क्यू आणि बेंट. ह्या गवतांना पंधरा ते चोवीस अंश तापमान मानवतं. त्यापुढं गेलं की ती दमायला लागतात.

एक साधी तुलना करतो. गहू कधी पेरतो आपण? रब्बीत. थंडी हवी त्याला, उन्हाळ्यात गहू पेरला तर लोक वेड्यात काढतील. स्कॉटलंडचं गवत गव्हाच्या जातकुळीचं आहे, म्हणजे उन्हाशी त्याचं वागणं गव्हासारखं. हरळी मात्र ज्वारी, बाजरी, मका, ऊस ह्यांच्या गटातली. ह्या झाडांच्या पानात हवेतला कार्बन पकडायची एक जास्तीची यंत्रणा असते. शास्त्रज्ञ त्याला सी-४ म्हणतात. त्यामुळं कडक उन्हात गहू-तांदळाची गाडी अडखळते तेव्हा ह्यांची जोरात चालते, आणि तेवढीच वाढ व्हायला पाणीही कमी लागतं. हरळीला खरी मजा येते ती सत्तावीस ते पस्तीस अंशांत. उलट रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की ती झोपते, पिवळी पडते.

इंग्रज भारतात आले तेव्हा खेळ घेऊन आले, पण हवामान काही त्यांना आणता आलं नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटनच्या बाहेरचा जगातला सगळ्यात जुना क्लब तो. मुंबईत क्लब निघाला १८४२ साली. म्हणजे १८५७ च्या उठावाच्या आधी पंधरा वर्षं मुंबईत साहेब लोक काठीनं चेंडू मारत हिंडत होते. पुढं विलिंग्डन क्लब १९१८ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा.

गोल्फमध्ये जिथं भोक असतं, त्याच्या भोवतीच्या गुळगुळीत तुकड्याला 'ग्रीन' म्हणतात. सगळ्या मैदानात सगळ्यात अवघड जागा ती. चेंडू जमिनीवरून सरळ घरंगळला पाहिजे, म्हणून तिथलं गवत सतरंजीसारखं हवं. आता हे भारतातल्या एखाद्या कोरड्या छावणीत कसं जमायचं? जमायचं नाही. मग काय केलं, तर वाळू पसरली, तिच्यात तेल मिसळलं म्हणजे ती उडत नाही, आणि फळी फिरवून सपाट केली. हिरवळ नाही म्हणून त्याला ग्रीन न म्हणता 'ब्राऊन' म्हणायचे. लष्करी छावण्यांच्या कोर्सवर हे ब्राऊन पुष्कळ वर्षं होते. मला हा शब्द फार आवडतो. सरळ कबुली आहे ती, की बाबा, इथं हिरवं होत नाही.

ही अडचण फक्त गुलाम देशांची नव्हती. अमेरिकेच्या दक्षिण भागात पाइनहर्स्ट नावाचं गोल्फचं मोठं ठिकाण आहे, त्यांच्या पंढरीसारखं. तिथल्या सुप्रसिद्ध दुसऱ्या नंबरच्या कोर्सवर सुद्धा १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्रीन वाळूचेच होते. थंड गवत उन्हाळ्यात मरायचं आणि साधी हरळी इतकी राठ, की तिच्यावर चेंडू उड्या मारत जायचा.

इथं आपल्या गोष्टीत एक माणूस येतो. ग्लेन बर्टन. जन्म १९१०, नेब्रास्का राज्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. १९३६ साली तो जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन नावाच्या गावी सरकारी शेती संशोधन केंद्रात नोकरीला लागला आणि जन्मभर तिथंच राहिला. काम होतं जनावरांच्या चाऱ्यासाठी गवत सुधारायचं. जॉर्जिया म्हणजे कापसाचा मुलूख. तिथले कापूसवाले शेतकरी हरळीला अगदी आपल्यासारखंच तण मानायचे, आपल्यासारख्याच शिव्या द्यायचे. आणि ह्या गड्यानं तीच हरळी निवडली! त्याचा हिशेब सरळ होता. जे गवत मारून मरत नाही, त्याला ह्या जमिनीचं आणि ह्या उन्हाचं काहीतरी कळलेलं आहे. १९४३ मध्ये त्यानं 'कोस्टल' नावाची चाऱ्याची हरळी दिली आणि तिथल्या गाईगुरांचं नशीब पालटलं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं त्याला गाठलं आणि थोडा पैसा दिला. मागणी अशी की हरळीचा चिवटपणा राहू दे, पण अंगानं बारीक कर. बर्टननं आपल्या साध्या हरळीचा संकर आफ्रिकेच्या ट्रान्सवालमधल्या एका नाजूक, सुईसारख्या पानाच्या जातभाईशी केला. १९५६ मध्ये त्यातून आलं टिफग्रीन. त्याची एक आई किंवा बाप, काय म्हणायचं ते म्हणा, एका गोल्फ क्लबच्या चौथ्या ग्रीनवर सापडलेली हरळीच होती. मग १९६० मध्ये टिफवे ४१९. आणि १९६५ मध्ये टिफड्वार्फ, म्हणजे टिफग्रीनमध्येच आपोआप निघालेला एक बुटका फरक. नावातलं 'टिफ' हे टिफ्टन गावाचं. लावणाऱ्या कितीकांना ठाऊकही नसेल, पण एका खेड्यावजा गावाचं नाव जगभरच्या श्रीमंत हिरवळींवर चिकटलंय. भारतातल्या बऱ्याच कोर्सच्या ग्रीनवर टिफड्वार्फच आलं. चार-पाच मिलिमीटरवर कापलं तरी जगणारं उष्ण प्रदेशातलं गवत, हे त्याआधी कोणाकडं नव्हतं.

ह्या संकराला एक अट मात्र चिकटली. दोन वेगळ्या जातींचं लेकरू, खेचरासारखं वांझ. बी धरत नाही. त्यामुळं जगात जिथं जिथं टिफड्वार्फ आहे, तिथं तिथं ते तुकडे तोडून, हातानं लावून वाढवलेलं आहे, उसाचं बेणं लावतो तसं. आपल्याकडं हे काम रोजंदारीवरच्या बाया वाकून करतात. आणि कोर्सच्या अठराही ग्रीनवर एकच झाड असतं, म्हणजे खरोखरच एकाच रोपाचे कोट्यवधी तुकडे. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

गवत मिळालं म्हणजे काम झालं, असं नाही. महाराष्ट्राचं हवामान हे चार महिने पाणी आणि आठ महिने वाट बघणं, असं आहे. तुम्हाला वाटेल हरळीला पावसाळा म्हणजे सुगी. बांधावर असतेच तशी. पण ग्रीनवर तिचा सगळ्यात नाजूक काळ हाच असतो. कारण ऊन. हरळीला सावली सोसत नाही. आपण झाडाखाली बसतो ती जागा आठवा, तिथं हरळी विरळ असते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-पुण्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. बांधावरच्या हरळीला लांब पान असतं, ढगातून येईल तेवढा उजेड ती त्याच्यावर गोळा करते. ग्रीनवर पान ठेवलंय किती, तर चार मिलिमीटर. स्वयंपाकघरच कापून टाकलंय, मग अन्न कुठून शिजणार? त्यात वरून ओल, खालून ओल, बुरशीला आमंत्रण, मोकळ्या जागी शेवाळ. म्हणून शहाणे माळी पावसाळ्यात कापणीची उंची वाढवतात, खेळणारे कुरकुर करतात तरी. गवत वाचवायचं तर चेंडू थोडा हळू जाऊ द्यावा लागतो.

दुसरं दुखणं जमिनीचं. आपली काळी माती तुम्हाला सांगायला नको. पावसात फुगते, पाणी धरून बसते, पायाला चिकटून दोन किलोचा बूट करते. उन्हाळ्यात भेगाळते, काठी आत जाते. कापसाला ती सोनं आहे, पण सपाट हिरवळीला वैरी. १९६० साली अमेरिकी गोल्फ संघटनेनं ग्रीन बांधायची एक पद्धत छापली, ती पुढं जगभर चालली. खाली पाण्याच्या नळ्या, त्यावर सुमारे दहा सेंटिमीटर खडी, त्यावर तीस सेंटिमीटर वाळूचा थर आणि वर गवत. थोडक्यात काय, तर स्कॉटलंडचा समुद्रकाठ डब्यात भरून आणायचा आणि जिथं हवा तिथं पुरायचा. मोठ्या पावसाचं पाणी तासा-दोन तासांत खाली निघून जातं. पण वाळू पाणी सोडते तशी खतही सोडते. मग थोडं थोडं खत वारंवार द्यावं लागतं, आणि उन्हाळ्यात पाणी रोज. म्हणजे पावसाळ्यावर जो इलाज केला, त्याचं बिल उन्हाळ्यात येतं.

ते बिल किती, हे आपण कळमनुरीच्या भाषेत काढू. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. मे महिन्यात हिरवळ रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी उडवते. अठरा भोकांच्या कोर्सची पाणी द्यायची जागा पंच्याहत्तर एकर धरा, काहींची कमी असते, काहींची जास्त. गुणाकार केला की येतात रोजचे पंधरा लाख लिटर. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर.

आता २०१६ चा उन्हाळा आठवा. तुमच्यातले काही तेव्हा शाळेत असतील. मराठवाड्यात सलग दुष्काळ, आणि लातूरला पाणी रेल्वेनं आणायची वेळ आली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी लातुरात पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. वरच्या हिशेबानं एका गोल्फ कोर्सचं आठ तासांचं पाणी. पुढं पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी सुरू झाली.

त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका चालू होती. ती गोल्फची नव्हती, क्रिकेटची होती, पण प्रश्न गवताचाच होता. महाराष्ट्रातल्या आयपीएल सामन्यांच्या खेळपट्ट्या आणि मैदानांना साठ लाख लिटर पाणी लागेल, असं समोर आलं. पिण्याचं पाणी वापरणार नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं क्रिकेटवाल्यांनी सांगून पाहिलं. १३ एप्रिल २०१६ ला न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला.

तेव्हा ह्या निकालावर दोन्ही बाजूंनी वाद झाला. साठ लाख लिटरनं लातूरची तहान भागली नसती, हे खरं आहे. सामने गेले म्हणून एकाही गावाच्या हंड्यात पाणी वाढलं नाही, हेही खरं. पण मला स्वतःला तो निकाल पटतो. बाजूच्या जिल्ह्यात माणसं रात्री दोनला नळावर रांग लावतात, तेव्हा हिरवळ ही शोभेची गोष्ट राहत नाही, ती कोणाच्या तरी वाट्याची होते. आणि एक झालं की मैदानांच्या पाण्याचा हिशेब मागायची सवय लोकांना लागली. पावसाचा खंड पडला की आता हा प्रश्न गोल्फवाल्यांनाही विचारला जातो. सांडपाणी शुद्ध करून वापरणं, पाणी फक्त ग्रीन आणि टीपुरतं देणं, बाकीचं मैदान उन्हाळ्यात पिवळं पडू देणं, ही उत्तरं त्यातूनच येतात. पिवळं पडू देण्यात हरळीचं काही बिघडत नाही. वरचं पान वाळतं, काशा खाली जिवंत असतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आता बर्टनकडं परत येतो, कारण त्याची अर्धी गोष्ट राहिली आहे आणि ती थेट आपल्या ताटाशी येते.

टिफ्टनच्या त्याच केंद्रात तो बाजरीवरही काम करत होता. अमेरिकेत बाजरी माणूस खात नाही, तिथं ती जनावरांचा चारा. संकरित बी करायचं तर असं झाड लागतं ज्याला परागच येत नाही, म्हणजे दुसऱ्या झाडाचा पराग त्याच्यावर घालता येतो. बाजरीचं असं झाड बर्टनकडं होतं, टिफ्ट २३ए. ते त्यानं भारतातल्या शास्त्रज्ञांना दिलं. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात दिलबागसिंग अटवाल ह्यांनी त्याच्यापासून १९६५ मध्ये एचबी-१ काढलं. भारतातली पहिली संकरित बाजरी. म्हणजे टिफड्वार्फ आणि एचबी-१ एकाच सालचे, आणि दोन्हींच्या मागं एकच माणूस. देशाचं बाजरीचं उत्पादन १९६५ ला सुमारे पस्तीस लाख टन होतं, ते १९७० ला ऐंशी लाख टनांच्या आसपास गेलं. कळमनुरीकडं ज्वारीचा जोर, पण बीड, औरंगाबाद, नगर, नाशिक ह्या पट्ट्याला बाजरी म्हणजे काय हे सांगायला नको.

आणि मग हवामानानं डाव टाकला. टिफ्ट २३ए जॉर्जियाच्या मातीत घडलेलं, आपल्या पावसाळ्यातल्या एका रोगाशी त्याची कधी गाठच पडली नव्हती. केवडा. काही भागात त्याला गोसावी म्हणतात. ढगाळ, दमट हवेत तो पसरतो, पानं पांढुरकी पडतात, आणि कणसात दाणे भरायच्या ऐवजी हिरव्या पानांचा झुपका येतो. कणसाचं अक्षरशः गवत होतं. त्या काळातल्या सगळ्या संकरित बाजऱ्यांची आई एकच होती, त्यामुळं एका शेताला जे झालं ते सगळ्यांना झालं. १९७१ च्या हंगामात साथ आली आणि उत्पादन कोसळलं. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ. त्या पिढीचे आजोबा घरात असतील तर ह्या दोन वर्षांबद्दल नक्की विचारा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

ह्याचा अर्थ बर्टनचं वाण वाईट होतं असा नाही. पुढं हैदराबादजवळ पतनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत त्याच टिफ्ट २३ च्या एका बुटक्या रूपावर गॅमा किरणं मारून केवड्याला तोंड देणारं ८१ए हे वाण काढलं गेलं, आणि नंतरच्या कितीतरी संकरित बाजऱ्या त्याच्यावर उभ्या राहिल्या. गंमत बघा, गोल्फच्या गवतातही हाच प्रकार झाला. १९९० च्या दशकात टिफ्टनलाच हरळीच्या काशांवर गॅमा किरणं मारून टिफईगल काढलं, टिफड्वार्फपेक्षाही आखूड कापता येणारं. फरक इतकाच की बाजरीत आई बदलल्यावर दरवर्षी नवं बी पेरता येतं. हिरवळीत सगळं उकरून पुन्हा लावावं लागतं.

आणि उकरावं लागतंच. एकाच रोपाचे कोट्यवधी तुकडे सारखे राहतील ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. वीस-पंचवीस वर्षांत त्यातला एखादा तुकडा आपसूक बदलतो, थोडा रुंद पानाचा होतो, थोडा वेगळ्या हिरव्या रंगाचा, आणि त्याचा गोल चट्टा दिसायला लागतो. ज्या पद्धतीनं टिफग्रीनमधून टिफड्वार्फ निघालं, त्याच पद्धतीनं टिफड्वार्फ बिघडतं. पण माळ्याला खरी भीती वेगळ्याच पाहुण्याची असते. ग्रीनच्या कडेनं, पाखरांच्या विष्ठेतून, मशिनच्या चाकांतून, बुटांच्या तळव्यातून आत येते साधी, गावठी हरळी. तिला बी धरतं, ती कमी पाण्यात टिकते, ढगात टिकते, आणि संकरित लेकराला बाजूला सारत पसरते. तणनाशक मारायची सोय नाही, कारण एकाला मारणारं औषध दुसऱ्यालाही मारतं, रक्ताचं नातं आहे ना.

म्हणून लाखो रुपयांच्या मशिनी उभ्या असलेल्या मैदानातही हे काम अजून हातानंच होतं. सकाळी खेळणारे यायच्या आधी माळी गुडघे टेकून बसतो, चट्ट्याभोवती चाकू फिरवतो आणि काशी तुटू न देता हरळी मुळासकट काढतो.